भांडता आलं पाहिजे

मिस्त्रींच्या बायकोचं टाळकं सटकलं ते जिन्यातच. शिवणाच्या कारखान्यातून ती घरी येते तो काय, दोघं लेक बापाला खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून वर नेत होते! नवरोबा मांडीवर हात ठेवून राजासारखे बसलेले. मागून वन्सं उशी घेऊन.

"कटिंगला नेलं होतं बाबांना," धाकटा धापा टाकत म्हणाला.

"चौघांनी उचलायची वेळ येईल तेव्हा येईल! आत्तापासून तालीम कशाला करताय, मेल्यांनो?"

जन्मभर खांद्यावर पाइप टाकून मजलेच्या मजले चढलेला माणूस. हृदय कमजोर झालं, अंगात पाणी भरलं, दोनदा दवाखान्यात पडून आला. दुसऱ्यांदा घरी सोडताना तिथल्या व्यायामाच्या बाईंनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, "गोळ्यांइतकंच चालणं महत्त्वाचं. नुसते पडून राहिलात तर दम आणखी कमी होईल आणि पुन्हा इथंच याल. बोलता येईल इतपत चालायचं. शब्द फुटेना झाला की थांबायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि घरी पाण्याचा पेलासुद्धा हातात! माया म्हणे. असली माया चुलीत घाला.

वर पोचल्यावर ती म्हणाली, "उठा. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचंय."

थोरला आडवा आला. "बाबांना काही झालं तर?"

"तर माझ्या नावानं खडे फोडा. सर बाजूला!"

मिस्त्री भिंतीला धरून उठले. "भीती वाटते गं," ते पुटपुटले. भीती तिलाही वाटत होती. पण आपण मऊ पडलो तर हा माणूस हातचा जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"भित्रे कुठले! मला बघायला आलात तेव्हा माझ्या बापासमोर तर काय छाती फुगवून बसला होतात!"

"तुझ्या बापाचं नाव काढू नकोस."

"काढणार! माझ्या माहेरी नळ बसवलात, तो अजून गळतोय."

"वॉशर तुझ्या भावानं आणला होता! फुकटातला!"

भांडत भांडत दोघं शेजाऱ्यांचं दार ओलांडून पुढे गेली. तिसऱ्या दाराशी मिस्त्रींचे शब्द थांबले. तोंड उघडं, हात भिंतीवर.

"थांबा. घाई नाही," ती म्हणाली.

"मारलंस गं माझ्या दादाला!" वन्सं किंचाळल्या.

मिस्त्रींनी सावकाश श्वास घेतले, मग मान वळवली.

"गप्प बस तू," ते बहिणीला म्हणाले. "दवाखान्यातून आल्यापासून कुणी माझ्याशी भांडलं नाही. सगळे आपले गोड गोड बोलताय. मी गेल्यासारखे."

लेकांनी खुर्ची उचलून आत नेली.

"आला ना दम परत?" बायको खेकसली आणि पदरानं त्यांचा घाम टिपला. "मग बघता काय? अजून अर्धा व्हरांडा आहे."