चार बोटं पेट्रोल

मले गावात कोणी धनराज म्हणत नाई, थेंब्या म्हणते. म्हणणारे सारे माह्याच गाडीत बसून बाजाराले जाते, पण तोंड काई बंद ठेवत नाई.

गाडी माह्यी पेट्रोल पिकअप, मांगं उघड्या लांब डाल्याची, भल्ली मोठी. मोहर्लीच्या एका रिसॉर्टवाल्यानं पाहुण्यायसाठी शौकानं आणली होती. लिटरले पाच किलोमीटर देऊन राह्यली, म्हून एका सीझनमंधीच कटाळला अन् काढली इकायले. मी घेऊन आलो तवा लटारूभाऊ सगळ्यायसमोर म्हणे, "हत्ती आणला बे तू दारात. आता खाऊ काय घालशील त्याले?"

माह्यं टाळकं सरकलं. मी पाहुण्यायच्या लोखंडी सिटा कापून फेकल्या. समोरचा जाडजूड गार्ड काढला, एसीचा पट्टा काढला. दर सोमवारी चाकायत हवा, आठ दिवसानं एअर फिल्टर झटकणं, प्लग घासणं. अन् खरी गोष्ट पायात असते बापा! पंचेचाळीसच्या वर जायचं नाई. दुरून बैल दिसला का ब्रेक नाई दाबायचा, पाय उचलून घ्यायचा, गाडी आपल्या आपण हळू होते. वर्षभरात पाचाचे नऊ केले मी. नऊ!

लोक हासे. "दात कोरून पोट भरत नाई, थेंब्या." मी म्हणो, "थेंबे थेंबे तळे साचे, लेकहो. तुम्ही पाहत राहा."

पेट्रोलचा काटा मी घ्यायच्या पहिलेच मेला होता. मी बांबूची काडी केली, तिच्यावर बोटाबोटाच्या खाचा पाडल्या. टाकीच्या नळीत टाकायची, ओली किती झाली पाह्यचं. एक बोट म्हणजे दीड लिटर. रोज सकाळी अंगणात मोजो. काडीनं मले कधी धोका देल्ला नाई, हे मी छाती ठोकून सांगत होतो.

मंग तो रोवण्याचा दिवस आला.

तीन दिवस पाणी कोसळत होतं. तालुक्याचा रस्ता नाल्याखाली गेला होता. मोबाईलचा टॉवर बंद, म्हून अँब्युलन्सले फोन नाई, अन् फोन लागला असता तरी ते नाल्याच्या तिकडं अन् आपण इकडं. किराणा दुकानातल्या पेट्रोलच्या बाटल्या पहिल्याच दिवशी संपल्या होत्या. तरी रोवणा काई थांबत नाई. लटारूभाऊच्या बांधीत पंधरा बाया वाकून धान लावत होत्या, अन् मी गाडीतून पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपायच्या, पेंढ्या उतरवून राह्यलो होतो. चिखलात चाक फसू नये म्हून गाडी मी बांधीच्या कडेच्या धुऱ्याच्या चढावरच लावली होती, तोंड वर करून.

लटारूभाऊची नात दिव्यानी पेंढ्या नेऊन देत होती. आठवीतली पोरगी, शाळेले सुट्टी होती. धुऱ्यावरून ती चिरकली तं मले वाटलं, पाय घसरला.

"नाग हाये! काका, नाग!"

घोट्याच्या वर दोन दात स्पष्ट. तिची माय, भागीरथा, चिखल तुडवत आली अन् पोरीले कवटाळून बसली. बाप, आदेश, चंद्रपूरले कामाले. लटारूभाऊ म्हणे, "धनराज, तुह्या पाया पडतो. काढ गाडी."

मी काडी घातली. चार बोटं. म्हणजे सहा लिटर. गावातल्या दोन मोटारसायकली आडव्या पाडून पाह्यल्या, त्यायतून निंघालं अर्धा लिटर. तालुका बंद, म्हणजे रानातून फिरून गडचिरोली, चौसष्ट किलोमीटर. साडेसहा लिटरात माह्यी गाडी जाते अठ्ठावन. सहा किलोमीटर कमी. अन् मधात पंप एकबी नाई.

माह्या तोंडचं पाणी पळालं. पण मनात म्हटलं, थेंब्या, हेच तं तुले येते. दुसऱ्या कोणाले नाई येत, तुले येते. सहा किलोमीटर तू पायातून काढशील.

पोरीले अन् भागीरथाले समोर बसवलं. मांगं वळून पाहतो तं डाल्यात अकरा जण. आमच्याकडं रोग्याले एकटं धाडत नाई, सारं गाव संगं निंघते, हे चांगलंच हाये, पण त्या दिवशी मले एकेक माणूस धानाच्या पोत्यावाणी दिसत होता. तोंडावर कसं म्हणू? निंघालो तसाच. पाच किलोमीटरवर मले राहवलं नाई. गाडी थांबवली अन् ओरडलो, "उतरा सारे! लटारूभाऊ, तुम्हीबी."

"मी तिचा आजा हावो!"

"आजा हाये म्हूनच सांगतो. तुम्ही बसले तं पोरगी पोचत नाई."

बुढा उतरला. बाकीच्यायनं मले शिव्या घातल्या, त्या अजून कानात हाये.

आता गाडी हलकी झाली. मी पंचेचाळीसवर आणली अन् तिथंच धरली. स्पीडचा काटा हालू देल्ला नाई. बाहेर रान, सागाची झाडं, खड्ड्यायत पाणी. दिव्यानी मायच्या खांद्यावर डोकं ठेवून होती. पहिले बोलत होती, पाय दुखते म्हणे. मंग तिच्या पापण्या जड व्हायले लागल्या. झोप नव्हती ते, डोळे उघडतच नव्हते.

"भाऊ, दाब नं," भागीरथा म्हणे. "रस्ता मोकळा हाये. दाब."

"वहिनी, सत्तरनं नेली तं पेट्रोल रानात संपते. मंग काय करशील? खांद्यावर नेशील?"

"पण तिचे डोळे पाह्य नं!"

"मले दिसत नाई का?" मी खेकसलो. तिच्यावर नाई, स्वतःवर, पण तिले काय माहीत. ती पोरीचे डोळे पदरानं पुसत बसली. दहा मिनिटानं पुन्हा म्हणे, "थोडं तं दाब." असं तिनं किती वेळा म्हटलं असंन. अन् मी, माणूस नाई, दगड! उतारावर पाय उचलत होतो, सपाटीले पंचेचाळीस. माह्या पायाच्या पोटऱ्या दुखून आल्या, इतका मी तो पाय आवरून धरला होता. मधातल्या एका गावात दुकानावर थांबून इचारलं, पेट्रोल हाये का? दुकानदारानं रिकाम्या बाटल्या दाखवल्या.

मंग घाट आला. मोठा नाई, दोन किलोमीटरचा, पण चढ असा का भरलेला बैल गुडघे टेकते. पोरीले आता थुंका गिळता येत नव्हता, तोंडातून लाळ गळत होती. इथून गडचिरोली वीस किलोमीटर. चढाले लागल्यावर शंभर पावलं गेलो असंन अन् इंजिननं एक आचका देल्ला. खड्ड्यानं देल्ला का पेट्रोलनं, मले समजलं नाई. मी घाबरलो. हँडब्रेक ओढला, खाली उडी मारली, काडी घातली.

काडीचं टोकच ओलं. अर्धं बोटबी नाई.

मी भागीरथाकडं गेलो. तिनं माह्यं तोंड पाह्यलं अन् काई इचारायच्या पहिलेच पोरीचं डोकं हळूच सीटवर टेकवलं.

"उतरू का?"

"चढ तेवढा पायी ये वहिनी. गाडीले ओझं नको. मी वर थांबतो."

"थांबशील नं?"

"थांबतो."

दुपट्ट्यानं पोरीले सीटले बांधलं. भागीरथा अनवाणी होती, बांधीतून तशीच आली होती. मी पहिल्या गिअरात गाडी चढवली, एकेक फूट, मनात देवाचं नाव नाई, लिटर मोजत होतो. वर पोचलो. समोर उतार, लांबच लांब, गाडी आपल्या आपण चार किलोमीटर जाईन असा.

अन् दिव्यानीचा श्वास घरघरत होता. मायले वर यायले पंधरा-वीस मिनिटं तं लागतेच. इंजिन चालू ठेवून थांबू तं पेट्रोल जळते, बंद करून थांबू तं तेवढ्या वेळात पोरगी जाते. मी आरशात पाह्यलं. भागीरथा पार खालच्या वळणावर दिसली. धावत होती. मी थांबलेला पाहून तिनं हात वर केला.

मी ब्रेक सोडला.

आरशात ती हात तसाच वर ठेवून धावत राह्यली, मंग वळण आलं.

उतारावर दिव्यानी बोलली. जीभ जड झाली होती, पण समजलं मले. "काका, माय कुठी?"

"मांगं डाल्यात हाये बेटा. मोकळी हवा लागते म्हणे तिले."

"बोलव."

"पोचलोच आपण. पाच मिनिटं."

त्याच्यानंतर तिनं काई म्हटलं नाई. मी एका हातानं तिची हनुवटी वर धरून ठेवली अन् एका हातानं स्टेअरिंग, अन् तरीबी, आयका, तरीबी पाय पंचेचाळीसवरच होता माह्या. सवय झाली होती त्याले. समोर रोडवर म्हशी आल्या तं मी दुरूनच पाय उचलला.

दवाखान्यात पोचलो. गाडी बंद पडली नाई. दोघं जण पोरीले उचलून आत धावले. डॉक्टरीणबाईनं इचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, मीच. कागदावर सह्या केल्या, नातं इचारलं तं काका लिवलं. त्यायनं नळी घातली, इंजेक्शनं सुरू केली. मी भिंतीले टेकून उभा, मले काई सुचत नव्हतं. मंग भागीरथा आठवली. तिले आणायले पाह्यजे. गाडीत काई थेंब असंन का, हे पाह्यले बाहेर आलो.

दवाखान्यासमोर सिमेंटचं सपाट अंगण. मी काडी घातली, काढली. पुसून पुन्हा घातली.

अडीच बोटं. पावणेचार लिटर.

माह्या टाकीची नळी हाये समोरच्या बाजूनं. गाडीचं तोंड वर असलं का सारं पेट्रोल मांगं पळते, काडीले लागते तळाचं. धुऱ्यावर मोजलं, तवा तोंड वर. घाटात मोजलं, तवा तोंड वर. अंगणात रोज मोजणाऱ्या शहाण्याले हे शेंबड्या पोराएवढंबी समजलं नाई. पावणेचार लिटर म्हणजे तेहतीस किलोमीटर! मी सत्तरनं आणली असती तरी पोचलो असतो. बुढा संगं आला असता. माय पोरीजवळ बसली असती. मी वर थांबलो असतो. मी त्या काडीचे तुकडे केले अन् ओठ चावून रडलो, लोकं पाहत होते तरी रडलो.

किल्ली फिरवणार, तेवढ्यात आतून मले आवाज देल्ला.

डॉक्टरीणबाई बाहेर उभी होती, हातातले मोजे काढत. "आम्ही खूप प्रयत्न केले," ती म्हणाली. "श्वास आधीच थांबत आला होता. अर्धा तास अगोदर आली असती, तर कदाचित..."

मी हिशेब केला. सत्तरनं नेली असती तं अर्धा तास बरोबर वाचला असता. मले लाथ मारावं वाटलं स्वतःच्या पायाले.

घंटाभरानं भागीरथा आली. कोण्या दूधवाल्यानं तिले मोटारसायकलवर आणून सोडलं होतं. घाट पुरा चढून, वरून खाली सात-आठ किलोमीटर पायी धावली होती बाई, तवा तो भेटला. पायाची बोटं रक्तानं भरली होती. तिले सांगा लागलंच नाई. ती आत गेली, पोरीजवळ बसली, तिच्या तोंडावरची लाळ पदरानं पुसली. केसात अजून चिखल होता, तो बोटानं काढत बसली. रडली नाई. मी दारात उभा होतो. ती मले शिवी देईन, काई तरी फेकून मारेन म्हून वाट पाहत होतो, देवाशपथ. तिनं तसं काईच केलं नाई.

मंग मान वळवून म्हणे, "भाऊ, हिले घरी न्या लागते. आजा वाट पाहत असंन रोडवर. गाडीत पेट्रोल हाये का काई, का मी दुसऱ्या कोणाले इचारू?"

दवाखान्याच्या समोरच पंप होता. आत्ताच भरलं, एवढं म्हटलं असतं तं तिले जन्मात समजलं नसतं. माह्या जिभेवर आलंबी होतं ते. पण तिचे ते पाय पाह्यले अन् मले खोटं बोलवलं नाई.

"हाये वहिनी," मी म्हटलं. "उरलं हाये."

भागीरथाचा हात पोरीच्या केसातच थांबला.

"उरलं?"