तृप्तीचा डावा डोळा

“आत्या, हे बघा. तिन्ही फोटोत डावा डोळा बारीकच दिसून राह्यला.” भावनानं मोबाइल सासूपुढं धरला.

द्वारकाबाईंनी फोटो पाहिलाच नाही. त्या मांडीवरच्या नातीकडं बघत होत्या. पावणेदोन वर्षांची तृप्ती हनुवटी वर करून, डाव्या डोळ्यावर अर्धी उतरलेली पापणी तशीच ठेवून आजीला न्याहाळत होती.

“आजोबावर गेली ती. त्यांचा डोळा बी असाच व्हता. काय न्हाई व्हत त्यानं.”

हसनाबादच्या शाळेत वीस वर्षं खिचडी शिजवलेल्या द्वारकाबाईंचे यजमान रामराव मोटरसायकलच्या धडकेत जाऊन सहा वर्षं झाली होती. डोळ्याच्या लाजेनं रामरावांनी कधी फोटो काढू दिला नाही. आधार कार्डावर होता, तो नुसता काळपट डाग. तृप्ती झाली आणि बाराव्या दिवशी पाळण्यातून तीच पापणी द्वारकाबाईंकडं बघायला लागली. तेव्हापासून दुपारचं काम आवरलं की त्या नातीला समोर बसवून घेत. बोलत काही नसत.

भावनाला मात्र चैन नव्हतं. पोर सारखी डाव्या अंगानं चौकटीला धडकत होती. शेवटी ती आणि तिचा नवरा रामप्रसाद पोरीला जालन्याला डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी तृप्तीचा डावा डोळा हातानं झाकला. ती खेळत राहिली. मग उजवा झाकला, तशी ती किंचाळून हात ढकलायला लागली.

“पापणी बुबुळावर आलीय. हा डोळा अजून बघायला शिकलेलाच नाही,” त्या म्हणाल्या. “ऑपरेशन करून पापणी उचलावी लागेल. उशीर केलात, तर पापणी उचलूनही नजर येणार नाही.”

घरी आल्यावर रामप्रसाद ताटावरून तसाच उठला. “एवढ्याशा लेकराला भूल द्यायची? काही झालं मंग? अण्णांनी त्याच डोळ्यावर जिंदगी काढली की. माय, तूच सांग.”

भावनानं त्याचं ताट उचललं. सासू काय म्हणणार, हे तिला ठाऊक होतं.

द्वारकाबाईंनी तृप्तीला जवळ ओढलं.

“तुझ्या अण्णांना त्या डोळ्यानं दिसत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“बिलकुल न्हाई. लग्नाच्या पहिल्या वर्षीच मला बोलले. कुणाला सांगू नको म्हणले, मी न्हाई सांगितलं. ती मोटरसायकल डाव्या अंगानं आल्ती, रामप्रसाद. लोक म्हणले, म्हातारा न बघता रस्त्यात आला.” त्यांनी तृप्तीच्या डाव्या पापणीवरून बोट फिरवलं. “ते बघूनच चालत व्हते रे.”

रामप्रसाद भिंतीला टेकून खाली बसला.

“पोरीला घेऊन जा. जल्दी जा.”

निघायच्या सकाळी द्वारकाबाईंनी तृप्तीला एकदा मागून घेतलं आणि समोर बसवलं. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता, तरी भावनानं घाई केली नाही.

“फोटो काढू का, आत्या?” तिनं हळूच विचारलं.

“नको,” द्वारकाबाई म्हणाल्या. “त्यांना आवडत नव्हतं.”

ऑपरेशननंतर महिन्याभरात सूज उतरली. दोन्ही डोळे जवळजवळ सारखे दिसू लागले. तृप्तीची हनुवटीही खाली आली. आता डाव्या डोळ्याला सवय लागावी म्हणून उजव्यावर रोज दोन तास पट्टी लावायची होती. ते काम द्वारकाबाईंनी मागून घेतलं.

शेजारच्या कांताबाई बघायला आल्या. “अगं बाई! आता तर पोरगी हुबेहूब भावनावर गेली की!”

द्वारकाबाईंनी तृप्तीचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट पाहिला.

“हो,” त्या म्हणाल्या. “आईवरच गेली.”

मग त्यांनी पट्टी लावली. तृप्ती रडायला लागली, हवेत चाचपडायला लागली. द्वारकाबाईंनी दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास तिच्या डाव्या डोळ्यासमोर धरला आणि तिचा हात घासापर्यंत येईस्तोवर तसाच धरून ठेवला.