देवाच्या आडून

नाशिकजवळच्या आमच्या शरणपुरात, ख्रिस्ती वस्तीत, बायकांची प्रार्थनासभा दर बुधवारी दुपारी तीनला माझ्या ओसरीवर भरत असे. भांडी आवरून दहा-बारा जणी यायच्या. एक गीत व्हायचं, मी पवित्र शास्त्राचा थोडा भाग वाचत असे आणि मग गोलातल्या प्रत्येकीनं डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची, अशी रीत होती.

चौतीस सालची गोष्ट सांगते. त्याच्या आदल्या नाताळाच्या सुमारास सगुणाबाई आणि नवसाबाई यांचं बिनसलं. दोघींची घरं एका भिंतीची, दोघी विधवा, पन्नाशीच्या आणि इतक्या जिवाभावाच्या की एकीनं चहा टाकला की दुसरीची कपबशी आपोआप खाली यायची. झालं इतकंच, की सगुणाबाईची कोंबडी नवसाबाईच्या मेथीच्या वाफ्यात शिरली. नवसाबाईनं दगड मारला. कोंबडी लंगडी झाली. "मी हाकलायला म्हणून खडा टाकला," नवसाबाई सगळ्यांना सांगत फिरली. सगुणाबाईनं ते मानलं नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद.

बोलणं बंद, पण बुधवार चालू. पंचाईत तिथं झाली.

"हे दयाळू बापा," नवसाबाईनं हात जोडून सुरुवात केली, "काही बहिणींना तू कोंबड्या दिल्यास, तसं कुंपण घालायचं शहाणपणही दे."

गोलात कोणी आमेन म्हणेना. म्हणावं तर एकीची बाजू घेतल्यासारखं होणार, न म्हणावं तर प्रार्थना लटकलेली.

मग सगुणाबाईची पाळी. तिचा आवाज मुळात गोड. "हे प्रभू, तू चिमण्यांचीसुद्धा काळजी घेतोस. मुक्या जिवाला दगड मारणाऱ्या हातांना क्षमा कर. आणि ते हात कालवण करतील तेव्हा त्यांना मिठाची आठवण दे."

धाकट्या दोघी-तिघींनी तोंडात पदर कोंबले. एकीला तर खोकल्याचं निमित्त करून उठावंच लागलं.

पुढं दर बुधवारी तेच. एक म्हणायची, "भिंतीला कान लावणाऱ्यांचे कान बरे कर." दुसरी म्हणायची, "ज्यांची जीभ रात्रीसुद्धा विसावत नाही, त्यांना निदान झोप दे." बायका आता प्रार्थनेला यायच्या की तमाशाला, मला कळेना.

माझा एक नेम आहे. पहाटे पाचला उठायचं, पाण्याचा घोट घेण्याआधी आमच्या ओळीतल्या सतरा घरांची नावं एकेक करून देवापुढं ठेवायची. पण त्या दोन घरांपाशी आले की माझं मन खवळायचं. मी भांडखोर नाही, मला मोठ्यानं बोलता येत नाही. रागवायचं कसं तेही कळत नाही. शेवटी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तेव्हा मी हळूच जाहीर केलं, की यापुढं आपण मनातल्या मनात प्रार्थना करू. देवाला ऐकू येतं.

"तोंड मिटूनच बसायचं तर घरी काय वाईट?" सगुणाबाई म्हणाली. पण येत राहिली.

ओसरी शांत झाली. उपवासकाळ संपला, पुनरुत्थानाचा सण झाला, तरी मी तीच रीत चालू ठेवली. मला वाटलं, छान झालं.

मे महिन्यात नवसाबाईची लेक शलोमी पहिल्या बाळंतपणासाठी मनमाडहून माहेरी आली. पोरगी हसरी, पायांवर सूज, पण तक्रार नाही. एका मंगळवारी नवसाबाईनं जुन्या नाशकातल्या आबिदाबी सुइणीला टांग्यानं आणलं. मी तिथंच होते. आबिदाबीनं पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं आणि हात पुसत बाहेर आली.

"बच्चा उलटा बैठा है, बाई. पाय खाली, डोकं वर. ये मेरे हाथ का काम नहीं. अजून आठ-दहा दिवस हातात आहेत, तोवर कोणी फिरवलं तर फिरेल. तुमच्या त्या सगुणाबाईला बोलवा. तिच्या बोटांना डोळे आहेत."

मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मडमबाई उन्हाळ्यामुळं डोंगरावर गेलेल्या. आणि सगुणाबाईनं वीस वर्षं त्यांच्याच हाताखाली बाळंतपणं केलेली. भिंतीपलीकडं हात होते, आणि मध्ये पाच महिन्यांचा अबोला.

मी तशीच सगुणाबाईकडं गेले. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. सुपातला हात थांबला, पण मान वर झाली नाही.

"न बोलावता मी कुणाच्या बाळंतिणीला हात लावत नाही, बाई. आयुष्यात कधी लावला नाही. ज्याला गरज त्यानं तोंड उघडावं. तुमच्या तोंडचा निरोप मला नको."

सगुणाबाईचं म्हणणं मी तिच्या शेजारणीच्या कानावर घातलं. संध्याकाळी नवसाबाई माझ्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्याशीच उभी राहून म्हणाली, "बाई, उद्या मला मोठ्यानं प्रार्थना करू द्या."

मला वाटलं, पुन्हा टोमणे. असल्या वेळी तरी नकोत. मी म्हटलं, "नवसाबाई, मनातली प्रार्थनाही देवाला ऐकू येते."

"त्याला येतं हो ऐकू," ती म्हणाली. आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नावं घेता घेता मी तिच्या घरापाशी अडकले. सतराही घरांचं सुखदुःख देवाला ठाऊक आहे, तरी मी रोज नाव घेऊन सांगते. का? सांगितल्याशिवाय माझंच मन जागचं हलत नाही म्हणून. आणि या दोघींना तर एकमेकींशी बोलायला देवाखेरीज कोणी उरलंच नव्हतं. त्याच्या आडून का होईना, टोमणे का होईना, दर बुधवारी त्या बोलत होत्या. ते दार मी बंद केलं होतं, आणि वर शांतता झाली म्हणून देवाचे आभार मानत होते. मला फार लाज वाटली.

बुधवारी सगळ्या जमल्या. सगुणाबाई खांबाला टेकून बसली. मी म्हटलं, "आज आपण मोठ्यानं प्रार्थना करू."

"सण होऊन महिना उलटला, आता आठवलं का बाईंना!" सगुणाबाई म्हणाली. हशा झाला. मी डोळे मिटले.

नवसाबाईनं सुरुवात केली ती पाद्रीसाहेबांपासून. त्यांना आशीर्वाद मागितला. मग शाळेला, मग आजाऱ्यांना, मग प्रवासात असणाऱ्यांना. कोणी राहिलं नाही. मला वाटलं, संपलं.

"बापा, माझी शलोमी," ती म्हणाली. "तू जाणतोस. मला भीती वाटते. मी काय काय बोलले तेही तू जाणतोस. दगड मी नेम धरूनच मारला होता, बापा. हाकलायला नाही. राग कोंबडीचा नव्हता. भिंतीपलीकडची माझी बहीण त्या दिवशी माझ्याआधी दुसऱ्या कुणाकडं चहाला गेली, त्याचा होता. मला तिच्या दारात जायला तोंड नाही. तू जा. तिला म्हणावं, शलोमीला जगात आणलं ते तिनंच. आता तिचं लेकरूही तिनंच आणावं."

मला राहवलं नाही, मी डोळे उघडले. सगुणाबाईचे उघडेच होते. ती भिंतीकडं बघत होती. पाळी तिची होती.

"हे प्रभू," तिनं म्हटलं. पुन्हा म्हणाली, "हे प्रभू..." आणि मग गुडघ्यावर हात टेकून उठलीच. "प्रभू, जरा थांब."

ती गोल ओलांडून नवसाबाईपुढं जाऊन उभी राहिली.

"नवसे, घरात खोबरेल आहे का?"

नवसाबाईनं डोळे मिटलेलेच ठेवले. "आहे."

"पोरगी जेवली का? भरल्या पोटावर हात चालत नाही."

"सकाळी पेज घेतली. मग काही नाही."

"मग ऊठ की. बसलीस काय देवळातल्या खांबासारखी!"

दोघी निघाल्या. एक पुढं, एक मागं. आम्ही बाकीच्या तशाच बसून राहिलो, उठायचं कुणाच्या मनात येईना. दोन घरं सोडून सगुणाबाईचा आवाज ऐकू येत होता. "श्वास सोड, पोरी. पोट सैल सोड. हां, अस्सं. नवसे, तू काय बघत उभी? प्रार्थना कर. मनात नको, मोठ्यानं कर, मला ऐकू येऊ दे."

बाळ त्या दिवशी फिरलं नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी दुपारी डोकं खाली आलं, आणि पुढच्या आठवड्यात शलोमीला सुखरूप मुलगी झाली. तोवर सगुणाबाई आपल्या घरी झोपायला गेली नाही.