नमुन्याचं घर

घरात जरा शांतता हवी, असं मी आयुष्यात एकदाच म्हटलं होतं. तेही वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला ड्रिल लावून बसलं होतं म्हणून. नेमकं ते वाक्य जावयाच्या कानावर पडलं आणि आमच्या घराचं वाटोळं झालं.

जावई लोकांची घरं आतून सजवून देतो. आधी एका मोठ्या ऑफिसात होता. तिथल्या साहेबाशी वाजलं, तशी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. काम म्हणजे एक लॅपटॉप आणि दारावर एक पाटी. येणारा प्रत्येक जण विचारी, तुम्ही स्वतः केलेलं एखादं घर दाखवा. दाखवणार काय, कपाळ? लेकीच्या एकटीच्या पगारावर दोघांचं चाललेलं. अशात एक दिवस आमच्याकडे जेवायला आलेला असताना तो म्हणाला, "आई, तुमचं घर मी करून देतो. इतकं शांत, की दारात पाऊल टाकलं की माणसाचा जीव निवला पाहिजे."

माझा जीव आहे तसा बरा आहे, असं मी म्हणणारच होते. लेकीने टेबलाखालून माझा पाय दाबला. आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हणाले, "करा की."

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. मनात मात्र अरे-तुरे चालतं, आणि गेले दोन महिने ते फार चाललं.

त्याने काय केलं ते सांगते. भिंती, पडदे, सोफा, गालिचा सगळं एका रंगाचं केलं. त्या रंगाला तो 'ओली वाळू' म्हणतो. मला तो यांच्या जुन्या बनियनचा रंग वाटतो. कपाटांच्या मुठी काढल्या. आता कपाट दाबलं की उघडतं, आणि न दाबता नुसतं टेकलं तरी उघडतं. दिवे छतात लपवले. उजेड असतो, पण कुठून येतो ते कळत नाही आणि सुईत दोरा जात नाही. सोफा इतका बुटका, की आम्ही दोघं एकदा बसलो की यांनी मला उठवायचं की मी यांना, यावर वाद होतो आणि वाद संपेपर्यंत दोघंही बसूनच. भिंतीवरचं घड्याळ काढलं, कारण टिकटिक. "आई, शांत घरात वेळ डोळ्यांवर येता कामा नये," तो म्हणाला. मग रक्तदाबाची गोळी मी काय सूर्य बघून घ्यायची?

स्वयंपाकघराची भिंतही पाडली. मोकळं वाटावं म्हणून. आता मी कांदा परतला की वास थेट पडद्यात जातो आणि चार दिवस तिथेच मुक्काम करतो.

टेबलावर एका लाकडी वाडग्यात तीन गोटे ठेवले. मी विचारलं, "यांचं काय करायचं?"

"काही नाही, आई. ते फक्त असतात."

"माझ्यासारखे," हे म्हणाले, आणि स्वतःच हसले. यांना काय, हे नोकरीतून निवृत्त झाल्यापासून कशालाच हरकत घेत नाहीत. मी कुरकुर केली की म्हणायचे, "जावई आहेत. थोडे दिवस सोस."

हे सगळंही मी सोसलं असतं. पण त्याने माझं काम उचललं.

मी पुस्तकांची बांधणी करते. वाचनालयांची फाटकी पुस्तकं, ऑफिसांचे दप्तरी खंड, कुणाच्या घरातले जुने अंक. फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवायच्या, पाठीला खळ लावायची, कापडी पट्टी बसवायची, पुठ्ठा चढवायचा आणि लोखंडी प्रेसमध्ये रात्रभर दाबून ठेवायचं. प्रेस माझ्या लग्नाच्याही आधीची आहे, वडिलांची. ती बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ असायची, कारण तिथे दिवसभर ऊन येतं. तिच्याशेजारी माझी खुर्ची, समोर यांचा रेडिओ. यांनी बातम्या ऐकायच्या आणि मी बातम्यांना शिव्या द्यायच्या, असा आमचा संसार छान चालला होता.

"प्रेस डोळ्याला टोचते, आई," जावई म्हणाला. चार हमाल बोलावून त्याने ती मागच्या अडगळीच्या खोलीत नेऊन टाकली. पाठोपाठ माझी खुर्ची गेली, रेडिओ गेला, घड्याळ गेलं आणि शेवटी आम्ही दोघंही गेलो. त्या खोलीला एकच झरोका आहे. खळ वाळत नाही. परवा वाचनालयाच्या एका जाडजूड खंडाची शिवण वाकडी गेली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. सगळा उसवला आणि पुन्हा शिवायला बसले. डोळ्यांतून पाणी आलं ते उजेड नव्हता म्हणून, असं मी यांना सांगितलं. खरं म्हणजे संतापाने आलं होतं.

पुढची खोली रिकामी, स्वच्छ आणि गार. तिथे गोटे राहायचे. मागे अडगळीत आम्ही.

"फोटो काढून होईपर्यंत, आई," असं त्याचं आधीचं वचन. फोटो झाले. मग "एखादा पाहुणा बघून जाईपर्यंत" असं ठरलं. जावयाला काय बोलणार? सहन होत नाही आणि सांगताही येत नाही. मी यांना बोलायची, हे "बघू" म्हणायचे आणि रेडिओचा आवाज वाढवायचे.

शेवटी पाहुणी ठरली. एक डॉक्टरीणबाई नवीन दवाखाना बांधत होत्या. रुग्णांच्या सगळ्या खोल्या, बाहेरची बसायची जागा, सगळी सजावट द्यायची होती. त्यांनी फोटो पाहिले होते, आता घर बघायचं म्हणाल्या. आदल्या दिवशी लेकीचा फोन आला.

"आई, उद्या तू फक्त काही बोलू नकोस."

"मी काय बोलते गं?"

"आई, प्लीज. हे काम मिळालं तर आम्ही सुटलो. नाही मिळालं तर त्याला परत त्या साहेबाचे पाय धरावे लागतील. तो रात्र-रात्र झोपत नाही. मला बघवत नाही."

तिचा आवाज ऐकला आणि माझी सगळी भांडणं घशात राहिली. "नाही बोलणार," मी म्हणाले. "हे झालं की मात्र माझी प्रेस खिडकीशी यायला हवी."

"येईल गं. मी स्वतः उचलून आणीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी यांना बागेत पाठवलं, कारण हे घरात असले की घोरतात. मी मागच्या खोलीत खंडाच्या पाठीला खळ लावत होते. खळ लावायला घेतली की मध्ये सोडता येत नाही, गुठळ्या होतात. दार वाजलं, लेकीने उघडलं, माणसं आत आली. थोड्या वेळाने लेकीने डोकावून हळूच सांगितलं, "आई, जरा पाणी आणतेस? मी त्यांना फाइल दाखवतेय." मी ब्रश ठेवला आणि तशीच उठले. अंगावर खळीच्या डागांचा एप्रन, बोटं चिकट. स्वयंपाकघराला भिंत राहिली असती तर आधी हात धुऊन, एप्रन काढून नीट बाहेर आले असते. भिंत नव्हती. मी सगळ्यांसमोरच पाणी ओतत उभी.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. चष्मा, सुती साडी, बोलणं मोजकं. खोलीभर नजर फिरवून त्या म्हणाल्या, "फार छान. राहतं घर वाटतच नाही."

जावई खूश झाला. खुशीत माणसाची जीभ सैल सुटते. "नाहीच राहतं," तो म्हणाला. "नमुना म्हणून ठेवलंय. लोकांना दाखवायला."

तेवढ्यात बाईंची नजर माझ्यावर आली. मग त्याचीही आली. सांगायला त्याच्याकडे पुरेसा वेळ होता. मी त्याच्याकडे बघत होते.

"मावशी," तो म्हणाला, "पाणी इकडे आणता का?"

मला रोज आई म्हणणारा माणूस! माय मरो पण मावशी जगो म्हणतात. इथे जिवंत मायेचीच मावशी झाली. ट्रे तिथेच आपटावा असं वाटलं. मी लेकीकडे पाहिलं. ती वाडग्यातल्या गोट्यांकडे बघत होती. मान वर करेना.

मी पाणी नेऊन दिलं. काही बोलले नाही. वचन दिलं होतं ना.

बाईंनी पाणी घेतलं आणि मलाच विचारलं, "मावशी, तुम्ही रोज असता इथे. खरं सांगा, साफसफाईला कसं आहे? दवाखान्यात मला तेच बघावं लागतं."

खरं सांगायचं तर माझ्याजवळ एवढं होतं की संध्याकाळ पुरली नसती. कपाटांवर बोट लागलं की डाग उमटतो. पडद्यांतला कांद्याचा वास जात नाही. त्या सोफ्यावर तुमचा पेशंट बसला तर त्याला उठवायला दोन नर्स लागतील. एक वाक्य पुरे होतं. एका वाक्यात माझं घर परत मिळालं असतं, आणि लेकीचा नवरा त्या साहेबाच्या दारात जाऊन उभा राहिला असता.

"सोपं आहे," मी म्हणाले. "एकदा पुसलं की झालं. घरात शिरलं की बरं वाटतं बघा."

बाई हसल्या. पुढची बोलणी भराभर झाली. कोणत्या खोल्या आधी, रंग हाच ठेवायचा का, वगैरे. उठताना त्या जावयाला म्हणाल्या, "सोमवारी बोलावते तुम्हाला. कागदपत्रं करून टाकू." त्याचा चेहरा असा उजळला की क्षणभर मीही राग विसरले. पोरगा खरंच वाळला होता.

मी दार उघडून उभी राहिले. मावशीने दुसरं काय करायचं? बाई चपला घालून सरळ झाल्या, पर्स उघडली आणि माझ्या हातात एक नोट ठेवली. वाईट मनाने नाही. माझी चिकट बोटं त्यांनी स्वतःच्या हाताने मिटवली आणि म्हणाल्या, "घर फार छान ठेवता हो तुम्ही."

"ती माझी आई आहे."

लेक मागून बोलली. आवाज मोठा नव्हता. जावई वळला आणि जागीच थिजला.

"काय?" बाई म्हणाल्या.

"ती आई आहे माझी. घर तिचं आहे. ती आणि बाबा इथेच राहतात, मागच्या खोलीत."

आता मला सांगा, चिडायचं कुणावर? एवढा अपमान गिळला, खोटं बोलले, काम पदरात पडलं, आणि पोरीने दारात येऊन सगळ्यावर पाणी ओतलं! मी घाईघाईने म्हणाले, "अहो, तसं नाही, ती मायेने म्हणते. मी आपली रोज येऊन..."

"आई, गप्प बस," लेक म्हणाली, आणि तिने माझा हात धरला. नोटेसकट.

बाईंनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग मला विचारलं, "मग मघाशी मला सोपं आहे म्हणून का सांगितलंत?"

"लेकीचा संसार आहे हो," मी म्हणाले. यापेक्षा चांगलं उत्तर मला तेव्हाही सुचलं नाही आणि आजही सुचत नाही.

त्यांनी नोट परत घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मला हात जोडले. जावयाला म्हणाल्या, "सोमवारचं मी कळवते." मघाशी बोलावणार होत्या, आता कळवणार होत्या. ते ऐकून जावई काय समजायचं ते समजला. लिफ्ट खाली गेली.

दार लावून तो लेकीला म्हणाला, "एक मिनिट. एक मिनिट थांबली असतीस! लिफ्टचं दार लागेपर्यंत फक्त."

"आणि तोवर मी कुणाची मुलगी होते?" लेकीने विचारलं.

तो सोफ्यावर बसायला गेला, मधेच थांबला आणि तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे वळून रडवेल्या आवाजात म्हणाला, "आई, तुम्ही तरी सांगा हिला."

दोन महिन्यांत या घरात मला कुणी 'तुम्ही सांगा' म्हटलं नव्हतं. मग मी सांगितलं. कपाटांपासून सुरुवात केली, वाकड्या शिवणीवर आले, तिथून मावशीवर. आधी तोंडातून निसटलं ते कळतं रे, पण मग चांगला माझ्याकडे बघत होतास आणि तरी तोंडून आई निघालं नाही, म्हणाले. अहो-जाहो कधी सुटलं ते मला कळलंही नाही. लेकीलाही सोडलं नाही. आज बोललीस, पण आधी गोटे मोजत बसली होतीस ते मी पाहिलं, म्हणाले. दोघं खाली मान घालून ऐकत होते. माझा आवाज त्या रिकाम्या खोलीत असा घुमत होता की तीन मजले खाली गेला असणार.

गेलाच होता. किल्ली फिरली आणि हे धापा टाकत आत आले. पाहुण्या असतील म्हणून आधी दारातूनच दबक्या आवाजात विचारलं, "काय झालं? कोण एवढं ओरडतंय?"

लेकीने डोळे पुसले.

"कुणी नाही, बाबा," ती म्हणाली. "आई घरी आहे."