आडूवरचा चांद

रुचिराला तो अल्बम नोएडाच्या मेट्रोत सापडला. मॅनेजरचे मेसेज बघायचे नव्हते, म्हणून ती फोनवर एकेक गाणं लावून सोडून देत होती, आणि मध्येच कुठूनतरी जात्याची घरघर ऐकू आली. जातं खरं होतं, पण त्याच्या खाली कीबोर्डचा एक लांब, मऊ सूर होता आणि वर कुणीतरी नुसतं गुणगुणत होतं. बँडचं नाव खापरदिवे, अल्बमचं नाव 'निजानीज'. पुण्याची तीन पोरं. त्यांना ऐकणारी माणसं एका लग्नाच्या पंगतीत मावतील एवढीच.

तिचं डोकं त्या दिवशी खरोखर शांत झालं. मग रोज ऑफिसला जाताना तोच अल्बम, तोही पहिल्यापासून. चौथं गाणं सुरू झालं की तिचं स्टेशन यायचं. पुढचं तिने कधी ऐकलंच नाही. चांगली मिठाई लोक पुरवून खातात, तसं तिचं चाललं होतं.

आणि चांगलं काही सापडलं की ते आधी दादाला कळवायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड. साकेत तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, आता गुरुग्रामला एका कंपनीत बड्या हुद्द्यावर. तिने लिंक पाठवली, सोबत लिहिलं, "ऐक, आईची आठवण येईल." उत्तर संध्याकाळी आलं. "छान आहे. कोण आहेत हे?"

आईला जाऊन चार वर्षं झाली होती. तिचा गातानाचा आवाज होता तो एकाच कॅसेटवर. रुचिरा चार-पाच वर्षांची असताना आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाबांनी भरलेली ती कॅसेट आई गेल्यावर साकेत दुरुस्त करून आणतो म्हणून घेऊन गेला आणि काही दिवसांनी डोळ्यांत पाणी आणून सांगू लागला, की टेपला बुरशी लागलीय, काही उरलं नाही. त्याचं रडणं बघून रुचिराने स्वतःचं गिळलं. उलट त्याचीच समजूत घातली, वर जेवायला घालून पाठवलं. पुन्हा कधी विषय काढला नाही, का तर दादाला वाईट वाटेल. धाकट्या बहिणी अशा असतात, आणि थोरल्या भावांना ते पक्कं ठाऊक असतं.

भाऊबीजेला ती गुरुग्रामला निघाली. नवरा प्रसन्न त्याच्या बहिणीकडे गेला होता, म्हणून एकटीच. डब्यात साकेतच्या आवडीची डाळिंबीची उसळ. त्या दिवशी सारी दिल्ली आपापल्या भावाकडे निघालेली असते, त्यामुळे कॅब धौला कुआंच्या अलीकडेच रुतून बसली. अल्बम चालू होता. चौथं गाणं संपलं, पाचवं संपलं, सहावं संपलं आणि आई गायला लागली.

"आडूवरती चांद उतरला, पाणी पिण्या वाकला,
बाळाचं माझ्या जावळ पाहून तिथंच गं थबकला."

आवाज ओळखण्यात चूक होऊ शकते, माणसाला भास होतात. पण आडू? मूळ ओवीत आड आहे, पाण्याचा. दिल्लीत वाढणाऱ्या रुचिराने आड कुठला बघायला? तिने बघितले होते ते उन्हाळ्यात ठेल्यावर रचलेले आडू, पिवळे-लाल, लव असलेले. तिला वाटलं, चांद त्या फळावरच उतरला, आणि ती 'आडू' म्हणू लागली. आई पोट धरून हसली आणि पुढे आयुष्यभर तसंच गात राहिली. जगात ही ओवी अशी चुकीची गाणारी बाई एकच होती.

रुचिराने बँडचं पान उघडलं. गाण्याखाली लिहिलं होतं, "हा आवाज आमचा मित्र साकेत याच्या आईचा. दिल्लीत वाढताना तो लहानपणी 'आड'ला 'आडू' म्हणायचा, आणि आई हौसेने तसंच गात राहिली."

आता गंमत बघा. बाबांची दिल्लीला बदली झाली तेव्हा साकेत पहिलीत होता, आणि तो पुण्याला आत्याकडेच राहिला. दिल्लीत पोराचं मराठी बिघडेल, ही बाबांची धास्ती. पुण्यात वाढलेल्या पोराच्या तोंडी आडू येणार कुठून? तिथे त्या फळाला पीच म्हणतात, तेही फळवाला म्हणाला तर. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, हे आपणच म्हणतो ना. म्हणजे कॅसेट ठणठणीत होती. दादा खोटं रडला होता. आणि 'कोण आहेत हे?' असं विचारताना त्याला ते कोण आहेत हे चांगलं माहीत होतं. विश्वास पानिपतात गेला, असं रुचिराची आई नेहमी म्हणायची, आणि दिल्लीकरांना पानिपत काही लांब नाही.

तिला परत फिरावंसं वाटलं. पण गाडी ना पुढे जात होती ना मागे, आणि पोचेपर्यंत राग थिजून गेला होता.

वहिनीने, स्वरूपाने, सगळी तयारी मांडली होती. पाट, रांगोळी, ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी. साकेत नवा कुर्ता घालून पाटावर बसला, केवढा ट्रॅफिक होता म्हणून विचारत राहिला. रुचिराने त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. त्याने खिशातून पाकीट काढलं, तेव्हा ती म्हणाली, "पैसे नकोत, दादा. ताम्हणात कॅसेट घाल. आईची."

त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. स्वरूपाला काहीच ठाऊक नसावं. ती विचारत राहिली, कसली कॅसेट, ती तर खराब झाली होती ना.

मग तो बोलला. आवाज बड्या हुद्द्याचा नव्हता. "त्या टेपवर सगळी तूच आहेस, रुचू. तू चुकतेस, आई हसते, तू पुन्हा म्हणतेस, ती तुझे लाड करते. मी शेवटपर्यंत ऐकली. माझं नाव एकदाही नाही. बँडच्या पोरांना गाणं देताना वाटलं, एवढं एक तरी माझं असू दे."

दर सुट्टी संपली की स्टेशनवर ट्रंकेला चिकटून उभा राहिलेला दादा रुचिराला आठवला. पण म्हणून काय आई चोरायची? बहिणीचं बालपण खरवडून काढून, वर आपलं नाव घालायचं?

"मागितलं असतंस तर दिलं असतं," ती म्हणाली. "आडूसकट दिलं असतं. कॅसेट कुठे आहे?"

"गाणं तेवढं उतरवून घेतलं मी. बाकीचं नाही."

"आणि कॅसेट?"

"तुला बिघडली म्हणून सांगितल्यावर ती घरात कशी ठेवणार? तू कधीही येतेस, कपाटं उघडतेस." तो पुटपुटला, "टाकून दिली."

म्हणजे आपलं खोटं खरं करण्यासाठी त्याने आईला कचऱ्यात टाकलं होतं. पाच वर्षांची रुचिरा, तिचं चुकणं, आईचं ते पोट धरून हसणं, सगळं एका खोट्याच्या मागोमाग गेलं होतं. उरली ती दोन ओळी गाणारी साकेतची आई.

स्वरूपा पदराने डोळे टिपत होती. साकेतने ते पाकीट हळूच ताम्हणात ठेवलं, जणू अजून काही सावरता येईल. निरांजन तेवत होतं. ओवाळून झाल्यावर धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला वाकून नमस्कार करायचा असतो. साकेत पाटावर बसून राहिला, पाय पुढे घेऊन, खाली मान घालून, वाट बघत.

रुचिराने ताम्हण पाकिटासकट वहिनीच्या हातात दिलं आणि ती दाराशी जाऊन चपला घालू लागली.