आईच्या कडव्याची जागा

लग्न तोंडावर आलं होतं आणि पंचवटीतल्या त्या घरात बेसन भाजल्याचा वास भरून राहिला होता. मागच्या खोलीत मयुरेश हेडफोन लावून बसला होता. ही खोली म्हणजे त्याचा स्टुडिओ. भिंतींना फोम, मध्ये प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर टिपणारा डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर आणि पायांत नुसता वायरींचा गुंता. भजनी मंडळं, शाळांची स्वागतगीतं, निवडणुकीचा प्रचार, जे येईल त्यावर त्याचं पोट चालायचं. या खेपेला काम घरचं होतं. धाकट्या बहिणीच्या, वेदिकाच्या हर्षलशी ठरलेल्या लग्नाची मंगलाष्टकं.

गायल्या होत्या ओळखीच्याच बायका. शेजारच्या लंकाबाई तर इगतपुरीकडचा खणखणीत गळा घेऊन आल्या होत्या. शेवटचं कडवं आईचं, गोदावरीबाईंचं. पोळ्या लाटता लाटता त्यांनी ते मनातच रचलं होतं. नवरा गेल्यापासून त्यांच्या तोंडून सूर निघाला नव्हता. वेदिकाने हट्ट धरला म्हणून गायल्या. पोरीला दागिने नको होते, रुखवत नको होतं. अंतरपाटामागे उभं असताना आईचा आवाज कानावर पडावा, एवढंच तिला हवं होतं.

चहाला आलेल्या बाळाजीकाकांनी कौतुकाने सगळं ऐकलं. शेवटच्या कडव्याला मात्र त्यांचा कप हातातच राहिला.

"हे कोण गायलंय?"

"आई."

"वहिनी? अरे, मंगलाष्टकात? काढ ते."

"हर्षलच्या घरचे काही म्हणाले का?"

"ते म्हणेपर्यंत वाट बघायची असते का? उद्या पोरीच्या संसारात काही कमी-जास्त झालं, तर लोक बोट कोणाकडे दाखवतील? तुझ्या आईकडेच ना?"

काका दुष्ट नव्हते. भाऊ गेल्यावर हे घर त्यांनीच सावरलं होतं, आणि तिथेच तर सगळी गोम होती. दुष्टाला तोंडावर नाही म्हणता येतं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यापुढे जीभ टाळ्याला चिकटते. तेवढ्यात बेसनाच्या हातांनी आईच दारात आली.

"भाऊजी म्हणतात तसं कर, मयू. पूस. माझ्या आवाजावाचून काय अडलंय?"

हे ती इतक्या सहज म्हणाली की मयुरेशला भीती वाटली. कपाळावरचं कुंकू, हातातल्या बांगड्या, हळदीकुंकवाचं बोलावणं, एकेक गोष्ट तिने अशीच विनातक्रार सोडून दिली होती. आता गळा राहिला होता.

त्याने आईचा ट्रॅक निवडला. कडवं कुठे सुरू होतं, कुठे संपतं, हे पुन्हा पुन्हा ऐकून खुणा केल्या. यंत्र फक्त कुठून कुठपर्यंत एवढंच विचारतं, का ते विचारत नाही. त्याने बटण दाबलं. पडद्यावर आईच्या आवाजाची नक्षी होती, तिथे सरळ रेघ उरली.

मग त्याने सगळं एकत्र वाजवलं. आई होतीच. बारीक, लांबून, कोणी बंद दाराआडून गावं तशी. काकांनी कप खाली ठेवला.

"अजून येतोय की रे आवाज!"

"एकाच खोलीत गायल्या ना सगळ्या. प्रत्येकीच्या माईकमध्ये आई आहे."

"मग सगळ्यांचंच तेवढं पूस."

मयुरेशने एकेक बाई गप्प केली. सगळ्यात शेवटी लंकाबाईंचा ट्रॅक राहिला. त्यात कडव्याच्या आधी आईने घेतलेला श्वासही ऐकू येत होता. त्याने तोही पुसला. कडव्यापुरती नुसती, आधीच वेगळी वाजवून घेतलेली पेटी वाजत राहिली. "परत यायला नको हं," काका म्हणाले, तेव्हा त्याने पुसलेलं परत आणायची सोयसुद्धा बंद करून टाकली. वेदिकाला कोणी काही सांगितलं नाही. लग्नघरात वाद कशाला!

मंगल कार्यालयात गोदावरीबाई आपणहून कोठीच्या खोलीत जाऊन बसल्या. बाहेर काकांनी आणि भटजींनी अंतरपाट धरला, मयुरेशने मंगलाष्टकं लावली. एकामागून एक कडवी झाली, अक्षता पडल्या, आणि मग नुसती पेटी सुरू झाली. लोक अक्षतांच्या मुठी तशाच धरून एकमेकांकडे पाहू लागले.

"आरं मयू," लंकाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमी होतो ना संगं गायला? गोदाताईचा आवाज कुठं गेला?"

"पुसला."

"कुनी?"

"मीच."

अंतरपाटामागून वेदिका म्हणाली, "आईला बोलवा. तिचं कडवं झाल्याशिवाय मी हार घालणार नाही."

"वेदिका, मुहूर्त टळेल!" काका ओरडले. "हर्षलच्या घरचे काय म्हणतील?"

"आमच्याकडून कोणी काही म्हटलं होतं का?" हर्षलच्या आईने विचारलं. काकांनी अंतरपाट आणखी वर धरला.

मयुरेश कोठीकडे धावला. आई नारळाच्या पोत्याशेजारी बसली होती.

"आई, ऊठ. वेदी थांबलीय. तू समोर येऊन म्हण."

गोदावरीबाई उठल्या. ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. घाबऱ्या नजरेने त्या लेकाकडे पाहू लागल्या.

"आठवतच नाही रे. सुरुवात काय होती? तू किती वेळा ऐकलंस, तू सांग ना."

मयुरेशने सांगायला तोंड उघडलं. कडवं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते त्याला अचूक माहीत होतं. मधला एक शब्दही माहीत नव्हता. त्याने ते पुसायच्या कानांनी ऐकलं होतं.

"पोरीसाठी रचलं होतं रे," म्हणत ती माउली लेकाच्या दंडाला धरून रडली.

त्याने बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, कडवं रेकॉर्डरमध्ये उरलं नाही आणि आईलाही आठवत नाही. लंकाबाईंना चाल आठवत होती, शब्द नाहीत. वेदिका ढसढसा रडली, पण जागची हलली नाही. "तिला आठवेल," ती म्हणाली, "किंवा ती नवं रचेल. मी थांबते." पलीकडून हर्षल म्हणाला, "मीपण थांबतो."

मुहूर्त टळून गेला. पेटीही संपली. वर धरून धरून बाळाजीकाकांचे हात भरून आले. अंतरपाटाचं टोक कोणीतरी हातात घ्यावं म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी पुढे आलं नाही.