दारं चौकात निघाली तो दिवस

साल १९७१. माझ्या लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते आणि सासूबाईंची भीती अजून गेली नव्हती. त्या इस्पितळात मोठ्या नर्स होत्या आणि घरातही वॉर्डात बोलावं तसंच बोलायच्या. "ऊठ. खा. रडतेस कशाला, मेलं का कोणी?" अशा बाईला एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात ट्रंक कॉल आला. परत आल्या आणि चपला न काढताच पलंगावर बसल्या. मग म्हणाल्या, "सूनबाई, गरम कपडे भर. माझ्या माहेरी जायचंय."

माहेर हा शब्द त्यांच्या तोंडून त्या घरात कोणी ऐकला नव्हता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

बसमध्ये त्यांनी सगळं सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत. वडील सुतार आणि त्या एकुलत्या एक. गावात फिरता सिनेमा आला आणि त्याचं मशीन चालवणाऱ्या माणसाशी यांनी लग्न केलं. तेच माझे सासरे. वडील म्हणाले, "तू या घरची नाहीस," आणि सुतार दिलेल्या शब्दाला इतका पक्का की आई गेल्याचं कळवायलासुद्धा कोणी आलं नाही.

"मग आता का जायचं?"

"कारण काका गेले. बाबांचे भाऊ. आता दार उचलायला बाबा एकटेच उरलेत."

मला काही उमगलं नाही. तेव्हा त्यांनी ती दारांची रीत सांगितली. वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवशी त्या गावात प्रत्येक जण आपल्या घराचं पुढचं दार बिजागऱ्यांवरून उतरवतो आणि चौकात नेतो. तिथे दारं एकाला एक टेकवून मोठं गोल रिंगण करतात. मधे शेकोटी. दिवसभर सगळी घरं उघडी आणि सगळं गाव त्या दारांच्या आडोशाला. का, ते कोणालाच ठाऊक नाही. नियम दोनच. दाराला हात फक्त त्या घरच्या माणसांनी लावायचा, शेजाऱ्यापाजाऱ्याने नाही. आणि एकदा घंटा होऊन दार निघालं की पाऊल मागे घ्यायचं नाही.

"आणि नाही नेलं दार तर?"

"तर ते घर वर्षभर बंद धरतात. कोणी कडी वाजवत नाही, काम सांगायला येत नाही, साखर मागायला येत नाही. भांडण नाही, तंटा नाही. फक्त येत नाहीत." मग म्हणाल्या, "आणि बाबांनी मेलं गावातलं सगळ्यात जड दार केलंय. हौसेने. आख्ख्या लाकडाचं."

म्हणजे दुसरं टोक धरायला त्या निघाल्या होत्या. धरू देणार की नाही, हा प्रश्न होता. धरू दिलं तर त्या घरच्या ठरणार आणि म्हाताऱ्याचा इतक्या वर्षांचा शब्द मोडणार.

आम्ही उतरलो भट्टीवालीकडे. ती सासूबाईंची बालमैत्रीण. पाव भाजून भाजून तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि तोंड अखंड चालू. ट्रंक कॉल तिनेच केला होता.

"आलीस? मला वाटलं, शहरात राहून हाडं मऊ झाली असतील तुझी."

"तुझी जीभ झाली नाही ना मऊ, मग माझी हाडं कशी होतील?"

"ही सून का? बारीक आहे गं. दाराच्या फटीतून जाईल." मग आवाज उतरवून म्हणाली, "ऐक. म्हातारा काहीतरी करतोय. आठवडाभर आतून करवतीचा आवाज येतोय. विचारलं तर म्हणाला, भट्टीत बघ, तुझे पाव जळतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे पाहिलं ते मी अजून कोणाला नीट सांगू शकलेले नाही. आधी नुसता आवाज आला. गल्लीगल्लीतून बिजागऱ्यांचे खिळे ठोकून वर काढण्याचा आवाज, हातोडीचा, हलका, जणू सगळं गाव एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होतं. मग घंटा झाली. धुकं इतकं दाट होतं की रस्त्याचं दुसरं टोक दिसत नव्हतं. त्या धुक्यातून दारं चालत आली.

खरंच, दारं चालत आली. माणसं त्यांच्यामागे झाकलेली, खाली फक्त पाय दिसत. निळं दार, हिरवं दार, पोपडे सुटलेलं दार, टपालाची फट असलेलं दार. एका दारावर पोरांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा, सगळ्यात वरच्या रेघेचा पोरगा आता दाढीवाला, तोच पुढचं टोक धरून चाललेला. डॉक्टरांचं दार पाटीसकट. दोन म्हाताऱ्या बहिणींचं दार मधेच थांबायचं, मागून आवाज यायचा, "तू ढकलतेस की ओढतेस?" आणि पुन्हा चालू लागायचं. पोलीस चौकीचं दारही आलं. एका बाजूला हवालदार आणि दुसऱ्या बाजूला रात्री आत टाकलेला दारुडा. त्या दिवशी चौकीचा रहिवासी तोच. लोक म्हणाले, "हवालदारसाहेब, सांभाळा, दार घेऊन पळेल!" दारुडा म्हणाला, "पळून जाऊ कुठे? दार तर माझ्याच हातात आहे."

मी हसले. मागे वळून पाहिलं तर दोन्ही बाजूंची सगळी घरं तोंड उघडून उभी. आतली अंथरुणं, चुलीवरचं भांडं, खुर्चीवर टाकलेला सदरा. कोणी काही झाकलेलं नव्हतं. इतकी माणसं इतकी निर्धास्त मी कधीच पाहिली नव्हती. देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसा माझा आला.

सुतारआळीची पाळी शेवटी होती. आम्ही पोचलो तेव्हा सगळी आळी दारं खांद्यावर घेऊन थांबली होती आणि म्हाताऱ्याच्या घराकडे बघत होती.

त्याने दार उभं चिरलं होतं. मधोमध, वरपासून खालपर्यंत. इतकं सुंदर दार, आयुष्यभराची कारागिरी, त्याचे दोन लांबट तुकडे. कोणाला हाक मारावी लागू नये म्हणून. एक तुकडा दोरीने पाठीवर बांधून तो उंबऱ्याबाहेर उभा होता, वाकलेला, नाकाला थेंब. दुसरा तुकडा चौकटीला टेकवलेला.

"अहो, हे काय केलंत?" भट्टीवाली ओरडली.

"माझं दार, माझी करवत." तो म्हणाला. "हा अर्धा तिथे ठेवून येतो, मग तो नेतो."

"आणि मागे कसे येणार? घंटा झाली की!"

म्हाताऱ्याने दोरीची गाठ चाचपली. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आठवडाभर करवत चालवली, माप घेतलं, दोरीचं ओझं तोललं आणि लहानपणापासून पाळलेला नियम तेवढा विसरला. एकट्या माणसाचं असंच होतं. त्याला चूक दाखवायला घरात कोणी नसतं.

तेवढ्यात त्याला सासूबाई दिसल्या. इतक्या वर्षांनी मुलगी समोर आणि तो बोलला भट्टीवालीशी. "तुझ्याकडे पाहुणे आलेत वाटतं."

"पाहुणे तुमच्याकडे आलेत," ती म्हणाली.

तो तसाच आमच्या शेजारून पुढे निघाला. आळी त्याच्यामागे सरकली. उरलेला तुकडा चौकटीत एकटा. सासूबाई त्याच्यासमोर गेल्या. हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. ज्या बाईच्या हाकेने वॉर्डातले डॉक्टर दचकत, तिचा हात लाकडापासून बोटभर अंतरावर अडला होता.

"बाबा," त्या मोठ्याने म्हणाल्या, "हात लावू का?"

सगळी दारं थांबली. म्हाताराही थांबला. पण त्याला वळता येईना. पाठीवर तेवढी लांब फळी, वळला असता तर दोन शेजारी आडवे झाले असते. तो तसाच पाठमोरा उभा राहिला. आम्हाला दिसत होतं ते अर्धं दार आणि त्याखाली दोन बारीक पाय. मला आठवतं, भट्टीवालीने माझा दंड इतका दाबला होता की वळ उठले.

मग दारामागून आवाज आला. "चिरलेली कड वरती धर. तासायची राहिलीय. कुसळं घुसतील हातात."

सासूबाईंनी पदर खोचला, गुडघ्यात वाकल्या आणि तो तुकडा एका झटक्यात खांद्यावर घेतला.

"कंबरेतून नको, कंबरेतून नको!" पुढून म्हातारा ओरडला.

"तुम्ही तुमचं बघा! जन्मभर मी माणसं उचलतेय."

"माणसाला कड नसते!"

"तुम्हाला आहे की!"

आळी खदखदून हसली आणि सगळी चालू लागली. ते दोघं चौकापर्यंत असेच भांडत गेले, तो पुढे, त्या मागे, एकदाही एकमेकांचं तोंड न बघता.

रिंगण पूर्ण झालं तेव्हा धुकं वर गेलं होतं. मी आयुष्यात पुढे पुष्कळ मोठाल्या इमारती पाहिल्या. मुलाने हौसेने नेऊन दाखवल्या. पण घरं नसलेल्या शेकडो दारांचं ते गाव माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही. मावळतीला म्हातारी माणसं आत शेकोटीपाशी राहिली आणि बाकी आम्ही बाहेर गेलो. ही तिथली रीत. बाहेरच्यांनी सगळ्यांनी मिळून दारं वाजवायची. शेकडो मुठी शेकडो लाकडांवर पडल्या. तो आवाज कानाला नाही, पायाखालून छातीत आला. मग शांतता. आणि आतून सगळ्या म्हाताऱ्यांचा एकच आवाज, "कोण आहे?"

बाहेरून गाव म्हणालं, "आम्हीच!"

मी त्या गावची कोणी नव्हते. तरी माझ्याही तोंडून निघालं. सासूबाईंचे ओठ मात्र हलले नाहीत.

आमच्यासमोर ते दोन तुकडे शेजारी शेजारी उभे होते आणि मधे करवतीच्या पात्याने खाल्लेली तेवढीच बारीक फट. फटीतून शेकोटीचा उजेड येत होता. तो मधेच अडला. पलीकडे कोणीतरी उभं होतं. त्या माणसाने एकट्याने पुन्हा विचारलं, हळू आवाजात, "कोण आहे?"

"मी आहे, बाबा."

आतून एक तुकडा बाजूला सरकला. "ये," म्हातारा म्हणाला. "वारा आत येतोय."

त्याने शब्द मोडला असं त्या गावात कोणी कधी म्हटलं नाही. आठवड्याच्या आत त्याने चौकटीच्या दुसऱ्या बाजूलाही बिजागऱ्या बसवल्या आणि दोन झडपांचं दार केलं. लोकांना सांगायचा, मुद्दामच चिरलं होतं, नवा नमुना आहे. उचलायला सोपं म्हणून आळीतल्या काहींनी तसंच करून घेतलं. नंतर तो बरीच वर्षं जगला आणि एका उन्हाळ्यात झोपेत गेला. भट्टीवालीने भट्टी भाच्याला दिली, पण बोलणं कोणाला दिलं नाही; गेली तेव्हा गल्ली महिनाभर सुनी वाटली म्हणे. चौकीतला दारुडा पुढे हवालदाराचा जावई झाला. दारू सुटली की नाही, ते हवालदाराने कधी सांगितलं नाही. माझा नवरा एकदाच आला, शेकोटीपाशी झोपला आणि म्हणाला, छान आहे, पण थंडी फार.

सासूबाई निवृत्त झाल्यावर त्याच घरात राहायला गेल्या. गुडघे साथ देत होते तोवर एक झडप त्या आणि एक मी अशी न्यायचो. त्या गेल्या त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. घर मी विकलं नाही. तिथे शाळेतली एक मास्तरीण भाड्याने राहते. भाडेकरू घरची धरायची की नाही, यावर आळीत दोन हिवाळे वाद चालला. गेल्या वर्षी मला विचारायला फोन आला. मी म्हटलं, जी तिथे झोपते, केर काढते, ती घरची. तिने एकटीने दोन्ही झडपा खांद्यावर घेतल्या. तरुण आहे. दोघांपुरतं बळ एकटीत आहे.